रिलायबिलिटीत पीएचडी: आधी डेटा, मग अर्ज

क्वालिटी आणि रिलायबिलिटी हे शब्द एका दमात उच्चारले जातात, म्हणून अर्जातही ते एकच समजून लिहिले जातात. वस्तू कारखान्यातून बाहेर पडताना मापात आहे का, हा क्वालिटीचा प्रश्न. तीच वस्तू पाच वर्षांनी चालू असेल का, हा रिलायबिलिटीचा. मधे काळ आला की गणित बदलतं. पहिल्या प्रश्नाला दिवसाकाठी हजारो मोजमापं मिळतात. दुसऱ्यासाठी मात्र आधी काहीतरी बिघडावं लागतं, आणि चांगल्या वस्तू लवकर बिघडत नाहीत. त्यामुळे ‘बिघाडाचा डेटा कुठून आणणार?’ याचं उत्तर ज्या प्रस्तावात नाही, तो कितीही देखणा असला तरी पोकळच.

विभाग शोधताना नावावर जाऊ नका. मेरिलँड विद्यापीठात रिलायबिलिटी इंजिनिअरिंगची स्वतंत्र पदवी आहे, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या एनटीएनयू या विद्यापीठात या विषयाचा गट आहे, आयआयटी खरगपूरला क्वालिटी आणि रिलायबिलिटीचं वेगळं स्कूल आहे. पण अशी पाटी लावलेली ठिकाणं थोडीच. एरवी हाच विषय इंडस्ट्रियल, मेकॅनिकल, न्यूक्लिअर किंवा स्टॅटिस्टिक्स विभागात दडलेला असतो. म्हणून उलट्या बाजूने शोधा. ‘रिलायबिलिटी इंजिनिअरिंग अँड सिस्टिम सेफ्टी’, ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन रिलायबिलिटी’, ‘टेक्नोमेट्रिक्स’ आणि ‘जर्नल ऑफ क्वालिटी टेक्नॉलॉजी’ यांचे गेल्या तीन वर्षांतले अंक चाळा आणि आवडलेल्या लेखांचे लेखक टिपून ठेवा. त्या लेखांतला आभाराचा परिच्छेद सहसा कुणी वाचत नाही, तो जरूर वाचा. पैसा कुणाचा आणि डेटा कुणी दिला, हे बऱ्याचदा तिथेच कळतं.

आता प्रस्ताव. सध्या सर्रास दिसणारा विषय म्हणजे ‘डीप लर्निंगने (थरांच्या न्यूरल नेटवर्कने) यंत्राच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज’, आणि त्यासाठी नासाचा सी-मॅप्स डेटासेट. टर्बोफॅन (विमानाच्या जेट) इंजिनांचा हा डेटा २००८ पासून उपलब्ध आहे आणि तो सिम्युलेशनमधून आलेला आहे. त्याच्या सगळ्यात सोप्या भागात ट्रेनिंगसाठी १०० इंजिनं आहेत, ऑपरेटिंग कंडिशन एकच आणि बिघाडाचा प्रकारही एकच. त्यावर अंदाजातल्या चुकीचं प्रमाण आणखी दोन टक्क्यांनी खाली आणणं हा पीएचडीचा प्रश्न होत नाही. हाच डेटासेट घ्यायचा असेल तर प्रश्न वेगळा विचारा: अंदाजाभोवतीची अनिश्चितता किती खरी आहे? एका कंडिशनवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या कंडिशनवर कुठे आणि का कोसळतं?

प्रस्तावात एक छोटं गणित हाताने करून दाखवलं, तर चार पानांच्या साहित्य-आढाव्यापेक्षा ते जास्त बोलतं. समजा २० नग १००० तास चालवले. तीन बिघडले: ३००, ६२० आणि ८८० तासांना. उरलेले १७ शेवटपर्यंत चालू. फक्त बिघडलेल्यांची सरासरी काढली तर आयुष्य ६०० तास येतं. पण चालू राहिलेले १७ नग ‘सेन्सॉर्ड’ आहेत. त्यांचं आयुष्य निदान १००० तास आहे, एवढीच माहिती त्यांच्याकडून मिळते आणि ती टाकून देता येत नाही. आयुष्याचं वितरण एक्स्पोनेन्शियल, म्हणजे बिघाडाचा दर काळानुसार न बदलणारा, असं गृहीत धरलं तर एकूण १८,८०० तास भागिले ३, म्हणजे जवळपास ६,२६७ तास. दहापट फरक! पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: बिघाडाचा दर स्थिर मानायला आधार काय? वायबुल या दुसऱ्या वितरणात हा दर बदलू शकतो आणि कसा बदलतो ते बीटा हा आकडा सांगतो. बीटा १ पेक्षा कमी असेल तर सुरुवातीचे दोष, जास्त असेल तर झीज. आणि तीन बिघाडांवर बीटा काढला तर त्याच्या अंदाजाची विश्वास-मर्यादा (खरा बीटा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) इतकी रुंद येते की निर्णय घेता येत नाही. ही अडचण आपणहून मांडा, लपवू नका.

अशीच दुसरी जागा म्हणजे प्रवेगित चाचणी, म्हणजे जास्त ताण देऊन बिघाड लवकर घडवून आणणं. १२५ अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवून ५५ अंशांवरचं आयुष्य सांगायचं, तर तापमानाचा वेगावर परिणाम सांगणाऱ्या अऱ्हेनियस सूत्रात सक्रियण ऊर्जा (बिघाडाची प्रक्रिया घडायला लागणारी ऊर्जा) घालावी लागते. ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट घेतली की प्रवेगगुणक (बिघाड किती पट लवकर होतो) सुमारे ७८ येतो, ०.८ घेतली की सुमारे १४५. जुन्या तक्त्यातून उचललेल्या एका आकड्यावर निष्कर्ष जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय त्या तापमानाला बिघाडाची यंत्रणाच बदलली, तर सगळं सूत्र फुकट.

एमटीबीएफबद्दल, म्हणजे दोन बिघाडांमधल्या सरासरी वेळेबद्दल, लिहिताना जपा. ५०,००० तास एमटीबीएफ म्हणजे प्रत्येक नग तेवढा टिकतो असं नाही. दर स्थिर असेल तर तोवर ६३ टक्के नग गेलेले असतात. अनुभवी अर्जदारही इथे घसरतात.

गाईडला मेल पाठवताना सात-आठ ओळी पुरेत: त्यांच्या कोणत्या लेखातली कोणती गृहीतकं तुम्हाला खटकली किंवा पुढे न्यावीशी वाटली, तुमच्याकडे कोणता डेटा किंवा चाचणीची सोय आहे, आणि जागा आहे का. सोबत दोन पानी सीव्ही. त्यात सिक्स सिग्मा या क्वालिटी प्रशिक्षणाचा ‘बेल्ट’ शेवटी टाका. सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस (आयुष्याच्या डेटाचं विश्लेषण), स्टोकॅस्टिक प्रोसेसेस (काळानुसार यादृच्छिक बदलांचं गणित) आणि आर किंवा पायथॉनमधलं काम वर आणा. तीन शिफारसपत्रांपैकी एक तरी तुमचं गणित जवळून पाहिलेल्या माणसाचं हवं. कंपनीतला साहेब ‘मेहनती आहे’ असं लिहील, त्याचा उपयोग कमी.

वेळापत्रक देशागणिक वेगळं. अमेरिकेत अर्जाची मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपते, आणि अनेक विद्यापीठांत आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. नॉर्वे-स्वीडनमध्ये पीएचडी ही पगारी नोकरी असते आणि जाहिरात वर्षभरात कधीही निघते. तिथे ठरलेल्या प्रकल्पासाठीच माणूस हवा असतो, म्हणून आपला प्रस्ताव पुढे रेटण्याआधी जाहिरात नीट वाचा.

कंपनीचा वॉरंटी डेटा वापरणार असाल तर प्रकाशनाची परवानगी लेखी घ्या, तीही प्रवेशाआधी. ‘देऊ की’ हे तोंडी आश्वासन व्यवस्थापक बदलला की हवेत विरतं. शिवाय वॉरंटी डेटात मुदतीनंतरचे बिघाड दिसतच नाहीत आणि विकलेल्या प्रत्येक नगाचे वापराचे तास ठाऊक नसतात, हेही प्रस्तावात नमूद करा. परवानगीचं पत्र हातात नसेल, तर पर्यायी डेटा कोणता ते त्याच परिच्छेदात लिहा.