माळकरी आजींची कॅप्सूल

फलटणला आमचं मेडिकल आहे. गेली 22 वर्षं मी काउंटरला उभा आहे. कॅप्सूलमध्ये औषध किती थोडं असतं, ते सांगूनही लोकांना पटत नाही. आठवड्याला एक घ्यायची ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची कॅप्सूलच बघा. तिच्यात जीवनसत्त्व दीड मिलिग्रॅम. बाकी तेल आणि कवच.

परवा एक माळकरी आजी नातवाला घेऊन आल्या. पुण्याहून लेकीनं मल्टिव्हिटॅमिनची बाटली पाठवली होती. नातवानं लेबल वाचलं, तर जिलेटिन, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्यातून काढलेलं. शेजारी तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारी खूण.

"ही नकोच मला. पण तू देतोस ती रे?"

मी त्यांना दिलेली ड जीवनसत्त्वाची स्ट्रिप उलटी केली. त्यावर फक्त "एक्सिपियंट्स क्यू. एस.", म्हणजे बाकीचं लागेल तेवढं. पूरक आहार म्हणून विकलं तर अन्नसुरक्षेच्या नियमांनी सगळे घटक छापावे लागतात, शाकाहारी-मांसाहारी खूण लावावी लागते. औषध म्हणून विकलं की खूण नाही, आणि या स्ट्रिपवर यादीही नव्हती. हा अन्याय आहे.

पण मला यादीची गरजच नव्हती. तसली मऊ, पारदर्शक कॅप्सूल जवळजवळ नेहमी जिलेटिनचीच असते, हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पहिल्या वेळी आजींनी विचारलं होतं, "यात काही मांसाचं नाही ना?" दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, "नाही आजी, व्हिटॅमिन आहे."

आता खरं सांगितलं. त्या माळ हातात धरून उभ्या राहिल्या. "सहा घेतल्या मी," एवढंच बोलल्या.

मग चघळायची गोळी काढली. तिच्यात मॅग्नेशियम स्टिअरेट असू शकतं. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालतात. ते वनस्पती तेलाचं असतं, तसंच चरबीचंही. पुड्यांमधल्या कोरड्या ड जीवनसत्त्वाच्या कणांवरही कधीकधी जिलेटिनचा लेप असतो. खुद्द ड-3 बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून बनतं, हेही सांगून टाकलं.

"लोकरीचं चालतं. मेंढी जिती राहते," आजी म्हणाल्या.

एमआरला, म्हणजे कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला, फोन केला. "सर, हे कुणी विचारत नाही हो." विचारतात. आपण ऐकत नाही. त्याच रात्री दोन कंपन्यांना मेल केले: स्टिअरेट कशाचं, लेप कशाचा? अजून उत्तर नाही.

आजी रोज मंदिरातून परतताना दुकानाशी थांबतात. "आलं का रे?"

"नाही आजी."

"बरं. तोवर उन्हात बसते मी."