ओकिनावाचं तिकीट आणि भिंतीवरचं कालनिर्णय

ओकिनावाला जायचं ठरलं की मुंबईकर आधी विमानांचे दर बघतो. त्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय काढून बसा. जपानने 1873 मध्ये इंग्रजी तारखा स्वीकारल्या, पण जपानचं क्यूशू बेट आणि तैवान यांच्यामधल्या या बेटांनी पितरांचे आणि दर्याचे बरेचसे सण जुन्या चांद्र पंचांगावरच ठेवले. त्या पंचांगाचा महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे हिशेब सोपा आहे. त्यांचा सातवा महिना म्हणजे साधारण आपला श्रावण. त्या महिन्याच्या 13, 14 आणि 15 तारखेला, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, पितरांचा ओबोन येतो. 2026 मध्ये शेवटचा दिवस 27 ऑगस्टला आहे.

घोळ होतो तो अधिक महिन्याचा. त्यांचा आणि आपला अधिक महिना एकाच वेळी येत नाही. 2025 मध्ये त्यांचा अधिक आधी पडला आणि ओबोनचा शेवटचा दिवस 6 सप्टेंबरला आला. इकडे त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. म्हणून अंदाज कालनिर्णयावर बांधावा, पण तिकीट काढण्याआधी त्या वर्षाची तिकडची तारीख पडताळून घ्यावी. जपानच्या बहुतेक भागात ओबोन ऑगस्टच्या मध्याला इंग्रजी तारखेने होतो. दोन्ही एकच समजून जाणाऱ्याला ओकिनावात समुद्र दिसतो, सण नाही.

पहिल्या दिवशी पितरांना घरात घेतात, तिसऱ्या रात्री निरोप देतात. या निरोपाला उकुई म्हणतात. देव्हाऱ्यापाशी उसाची कांडी ठेवलेली असतात, ती पितरांना परतीच्या वाटेवर काठी म्हणून. उचिकाबी नावाचे कागदी पैसेही जाळतात, तिकडच्या खर्चासाठी. हे सगळं घरातलं असतं, तिथे पाहुण्यांनी डोकावू नये. बघायचा तो रस्त्यावरचा एइसा. गावातली तरुण मंडळी ढोल वाजवत, नाचत आळीआळीने फिरतात. मोठा ढोल खांद्याला अडकवलेला, आणि पारांकू म्हणजे एकाच बाजूला कातडं असलेलं हातातलं वाद्य, जवळजवळ आपली दिमडीच, फक्त ते काठीने वाजवतात. तोंडाला पांढरा रंग फासून मध्येच लुडबुडणारा चोंदारा म्हणजे थेट सोंगाड्या. तो नुसती गंमत करत नाही; रांग सरळ करणं, सुटलेला पट्टा बांधणं ही कामंही त्याच्याकडेच. गल्लीतला एइसा हुकला तर पुढच्या शनिवार-रविवारी ओकिनावा शहराच्या मैदानात मोठा महोत्सव असतो. तो बघायला सोयीचा, पण मजा गल्लीतच.

हाच वादळांचाही मोसम. वादळ आलं की बोटी आणि विमानं बंद होतात, मोनोरेलसुद्धा. लहान बेटावर असाल तर मुंबईच्या विमानाआधी दोन दिवस नाहात, म्हणजे ओकिनावाच्या राजधानीत, राखून ठेवा. मे महिन्याच्या सुरुवातीपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथला पावसाळा. वादळाची धास्ती नको असेल तर मार्च-एप्रिल बरा, पण मग एइसावर पाणी सोडावं लागतं.

मराठी कानाला सगळ्यात जवळचं वाटेल ते सान्शिन. तीन तारा, अजगराच्या कातड्याने मढवलेला लाकडी भोपळा, दांडीवर पडदे नाहीत. नेहमीची जुळणी सा-म-सां. बेटांचा खास स्वरसमूह सा ग म प नी; रिषभ-धैवत वर्ज्य, म्हणजे तिलंगाचा आरोहच. कोमल निषाद मात्र येत नाही, त्यामुळे तिलंग ऐकतोय असं वाटता वाटता दरवेळी हुलकावणी मिळते. तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याला ते उमा म्हणतात. उमा म्हणजे घोडा. आपण त्यालाच घोडी म्हणतो! नाहात तासाभराच्या शिकवण्या मिळतात. शिंगाची नखी तर्जनीत घालून तारेवर वरून खाली टाकायची, ओढायची नाही. डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच वापरतात. अनामिका आपोआप पुढे येते, तिला आवरायचं. दमट हवेत खुंट्या सुटतात. नुसती फिरवली तर खुंटी पुन्हा मागे येते, म्हणून तंबोऱ्यासारखी आत दाबत फिरवायची.

देवराई माहीत असलेल्याला सेफा-उताकी समजावून सांगावं लागत नाही. ओकिनावाच्या जुन्या र्‍युक्यू राज्याचं हे सर्वोच्च पवित्र स्थान, पण देऊळ नाही, मूर्ती नाही. चुनखडीचे कडे आणि झाडं. पूजा स्त्रियांच्या हाती होती आणि पुरुषांना आत मज्जाव होता. दगड, शिंपला, प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलायचं नाही. वाट गुळगुळीत आहे, चपला नकोत. तिकीट दाराशी मिळत नाही, अलीकडच्या केंद्रातून घेऊन चालत यावं लागतं. आणि खास मुंबईकरांसाठी: चांद्र पाचव्या आणि दहाव्या महिन्याचे पहिले तीन दिवस हे स्थान बंद असतं. दहावा महिना म्हणजे बहुधा आपला कार्तिक. दिवाळीची सुट्टी काढून गेलात तर नेमकं पाडवा-भाऊबीजेला कुलूप.

खाण्यात शाकाहाऱ्यांची खरी परीक्षा आहे. कारलं इथलं लाडकं. गोया चांपुरू म्हणजे कारलं, टोफू आणि अंडं परतलेली भाजी, पण तिच्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. ते काढायला सांगितलं तरी कात्सुओ माशाचा अर्क राहतो. म्हणून नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘कात्सुओ-दाशी नको’ हे जपानीत लिहून फोनवर ठेवा. ओकिनावा सोबाचं सूपही हाडांचं आणि माशाचं. निर्धास्तपणे खावं ते गरम विकलं जाणारं घट्ट शिमा-टोफू. शेंगदाण्याच्या दुधाचं जिमामी-टोफू मऊ, खरवसासारखं थरथरणारं. त्यावरचा रस मात्र विचारून घ्या. कोकुतो म्हणजे उसाचा काळा गूळ. आठ बेटांवर बनतो आणि प्रत्येकाची चव वेगळी. लहान पुड्या घेऊन शेजारी शेजारी चाखा.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवूनच दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, तेव्हा रोमिंग मुंबईतच सुरू करून निघा. नाहाची मोनोरेल शेजारच्या उरासोएपर्यंतच जाते, त्यापलीकडे रेल्वे नाही, म्हणून आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून गाडी भाड्याने घेणं सोयीचं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी अंमलापासून इथे वाहनं उजवीकडून धावत. 30 जुलै 1978 ला एका रात्रीत ती डावीकडे आली, त्यामुळे आपला हात बसलेलाच असतो. रस्त्यांत प्रवाळाची खडी असते, पहिल्या सरीला चाक घसरतं.

परतताना दोन वस्तू अडतात. कच्चं जांभळं रताळं किडीमुळे ओकिनावाबाहेर नेता येत नाही. त्याचे टार्ट खुशाल न्या. आणि खऱ्या अजगराच्या कातड्याचं सान्शिन परवान्याच्या कागदांशिवाय सीमेपलीकडे जात नाही. कृत्रिम कातड्याचं घ्या. ते स्वस्त असतं आणि मुंबईच्या पावसात फाटतही नाही.