आमची वाटचाल: अण्णांचं खोकं, आईचं खोकं

सांगलीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. जुने रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करतो, रेकॉर्ड धुऊन देतो आणि त्यावरचं गाणं पेन ड्राइव्हवर भरून देतो. हा धंदा ठरवून सुरू झालेला नाही. तो घरातल्या दोन खोक्यांमुळे सुरू झाला.

अण्णांच्या खोक्यात 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या होत्या, बऱ्याचशा आजोबांकडून आलेल्या. बालगंधर्वांची नाट्यपदं, हिराबाई बडोदेकर आणि अब्दुल करीम खाँ. मिरजेला घर केलेले खाँसाहेब आणि मिरजेतच जन्मलेल्या हिराबाई, म्हणजे बाप-लेक एकाच खोक्यात. त्यावर अण्णांनी पुढे भीमसेनांचे अभंग आणि बाबूजींचं (सुधीर फडक्यांचं) गीतरामायण अशा एलपींची, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डची भर घातली. आईचं खोकं वेगळं. त्यात ईपी, म्हणजे 45 फेऱ्यांच्या, मोजकी गाणी असलेल्या छोट्या रेकॉर्ड, सिनेमाची गाणी, थोडी भावगीतं आणि ‘शोले’च्या संवादांची पॉलिडोर कंपनीची एलपी. आम्ही भावंडांनी तो सिनेमा पाहायच्या कितीतरी आधी गब्बर तोंडपाठ केला होता. रविवारी सकाळी आधी कुणाचं खोकं उघडायचं यावरून कुरबूर ठरलेली. अण्णांना ईपी म्हणजे पोरखेळ वाटायचा, आणि आईच्या मते नाट्यपदात माणूस एकाच शब्दावर किती वेळ अडून बसतो! खरं तर 78 च्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मिळत. तेवढ्यात खाँसाहेब ठुमरी उभी करून मोकळे होत, हे आईला कधी पटलं नाही.

मी शिकलो रेडिओ-टीव्ही दुरुस्ती. पातळ टीव्ही आले आणि दुरुस्ती म्हणजे अख्खा बोर्ड बदलणं एवढंच उरलं. गिऱ्हाईक कमी झालं. रिकामा वेळ होता म्हणून घरचा बंद पडलेला प्लेयर उघडला. मोटर फिरत होती, आवाज मात्र नाही. सुईची थरथर विजेच्या लहरीत बदलते ती कार्ट्रिज. त्या काळच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असे. हा मिठाच्याच जातीचा, दमट हवेत पाणी ओढून घेतो आणि संपतो. सिरॅमिकची कार्ट्रिज शोधून बसवली आणि बालगंधर्व पुन्हा गायला लागले. गल्लीत बातमी पसरली. मग माळ्यावरची यंत्रं दुकानात यायला लागली.

अजूनही दुखणी ठरलेलीच असतात. कार्ट्रिज मेलेली, ग्रीस गोंदासारखं घट्ट झालेलं, नाहीतर तबकडी फिरवणारं रबरी चाक कडक होऊन चपटं पडलेलं. असं चाक असलं की सूर डुलतो. नवीन चाक बाजारात मिळत नाही. जुन्यावर रबर चढवून लेथवर घासून घेतो. लेथवाल्यांची आमच्या भागात ददात नाही, हे नशीब.

78 च्या बाबतीत मात्र बहुतेक लोकांचा गैरसमज असतो. ‘फार खरखरते, खराब झाली असेल’ म्हणून आणतात. तबकडी चांगली असते, सुई चुकीची असते. 78 ची खाच रुंद, तिला साधारण 75 मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या निम्म्याहूनही बारीक, ती खाचेच्या तळाशी कचऱ्यात घसरत राहते. वेगाचंही तसंच. फार जुन्या तबकड्या नेमक्या 78 ला मुद्रित झालेल्या नसतात. पेटीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडायला लागला की मी आधी वेगावर शंका घेतो. आपल्याकडे या तबकड्या परदेशापेक्षा जास्त काळ निघाल्या, कारण घरोघरी चावीचे, विजेशिवाय चालणारे फोनो होते. बीटल्सच्यासुद्धा 78 भारतात निघाल्या आहेत!

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेली खोकी घेऊन आले. कॅसेटचं फारसं काही वाचलं नाही. रेकॉर्ड मात्र वाचल्या. एलपी-ईपी ज्याच्या असतात त्या विनाइल प्लॅस्टिकला पाण्याचं भय नाही, कव्हरचा लगदा होतो आणि लेबल निघून जातं. आम्ही सगळ्यांना एवढंच सांगत होतो की उन्हात वाळत घालू नका, वाकतील. आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा थेंब, मऊ ब्रश, आणि सावलीत उभं करून वाळवणं. हे काम बायकोने अंगावर घेतलं, आजही तीच बघते. बिनलेबलची तबकडी ओळखायला लेबलाच्या कडेला, गाणं संपल्यावरच्या मोकळ्या जागेत उमटवलेला नंबर उपयोगी पडतो. त्या दिवसांत आम्ही फक्त साहित्याचे पैसे घेतले, पण गिऱ्हाईक जोडलं गेलं ते तेव्हाच.

गाणं मोबाइलवर फुकट मिळतं हे गिऱ्हाइकाला आमच्याइतकंच ठाऊक असतं. त्याला हवी असते घरातली ती तबकडी, तिच्या चऱ्यांसकट. आईची एक ईपी अंतऱ्यात एका जागी अडकायची. माझी बहीण ते गाणं आजही तसंच म्हणते, अडकून, हाताने सुई पुढे सरकवल्यासारखं करून. म्हणून आम्ही दोन फाइली देतो, एक जशीच्या तशी आणि एक साफ केलेली. साफसफाई हलक्या हाताने करतो. कॉम्प्युटरवर खरखर पार घालवायला गेलं की आधी तानपुरा जातो, मग गायक पोकळीत गातो. असली चकचकीत फाइल कुणी मागितली तर देतो, पण ऐकायला थांबत नाही.

फाइल यूट्यूबवर टाकू का, असं रोज कुणीतरी विचारतं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. आजोबांच्या तबकड्या बहुधा त्यातून सुटलेल्या असतात, पण गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा असतो, त्यांच्या निधनानंतर 60 वर्षं. आम्ही ज्याची तबकडी त्यालाच फाइल देतो. प्रती विकत नाही.

आता कॉलेजची मुलंही येतात, बॅगेसारखा नवा प्लेयर घेऊन. त्याला एलपीचीच सुई असेल तर त्यावर आजोबांची 78 लावू नका. आणि आमच्याकडे खोकं आणताना तबकड्या उभ्या लावा, एकावर एक रचू नका. कव्हर फाटकं असलं तरी सोबत आणा, त्यावरच्या नंबरावरून तारीख लागते. 78 असतील तर रिक्षाने या. स्कूटरच्या डिकीतून आणलेल्या तबकडीचे आम्ही फक्त तुकडे मोजू शकतो.