पूर्वचा निकाल आणि ‘काही नाही झालं’

आज स्पर्धा परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा, म्हणजे पूर्व परीक्षेचा निकाल लागला. सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचा नंबर यादीत नव्हता. घरून फोन आला तर म्हणाला, “हो आई, जेवलो. काही नाही झालं, सगळं ठीक आहे.” फोन ठेवला आणि आधीच रंगवलेल्या ओळींवरून परत हायलायटर फिरवत बसला.

आपण याला खंबीरपणा म्हणतो. मला त्याची भीती वाटते. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलंय, की भावना चेहऱ्यावर येऊ दिली नाही म्हणून आतलं दुःख कमी होत नाही. उलट शरीरावरचा ताण वाढतो, आणि त्या वेळी पाहिलेलं-ऐकलेलंही नीट लक्षात राहत नाही. मग रडू गिळून बसलेल्या पोराचा अभ्यास तरी कसा व्हायचा?

त्याला चहाला नेलं. सल्ला काही दिला नाही. अर्धा कप झाल्यावर म्हणाला, “दादा, बाबांनी गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय.” मग बराच वेळ बोलत राहिला, रडलाही.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून दिलाय. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मित्रांनो, तुमच्या अभ्यासिकेत वेळापत्रकाशेजारी हा नंबर लावाच.