नुसतं टक्

रविवारी सकाळी बाबांची २००१ची गाडी चालूच होईना. चावी फिरवली की नुसतं टक्, बास, इंजिन फिरवणारी मोटर, म्हणजे स्टार्टर, हलायलाच तयार नाही. शेजारचे काका गॅलरीतूनच म्हणाले, बॅटरी गेली रे, नवीन टाक. म्हटलं थांबा जरा, हॉर्न तर ठणठणीत वाजतोय की.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर बॅटरीला लावला तर १२.५ व्होल्ट, आणि बाबांना चावी मारायला लावली तरी ११.९च्या खाली येईना, बॅटरी खरंच मेलेली असती तर ९च्या पण खाली गेली असती, म्हणजे करंट पुढे स्टार्टरपर्यंत जातच नव्हता. बॅटरीच्या टर्मिनलवरची (वायर जोडायच्या टोकांवरची) पांढरी-हिरवी बुरशी (मी बुरशीच म्हणतो) गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली. तरी टक्.

मग जंपर केबलचं (बंद गाडीला दुसऱ्या बॅटरीवरून करंट द्यायची जाड वायर) एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू!

म्हणजे घोळ करंट परत बॅटरीकडे यायच्या वाटेतच: इंजिन ते बॉडीची अर्थिंगची वायर, वरून धडधाकट, रबर कापलं तर आत सगळं हिरवं कुजलेलं, दोन-चार तारा शिल्लक. नवीन वायर दीडशे रुपयात आली.

काका अजून म्हणतात, बॅटरीच होती.