गॅदरिंगच्या आधीचा मंगळवार

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात भाताची सुगी आटोपली, खळी रिकामी झाली आणि सकाळी मलप्रभेवर धुकं धरायला लागलं, की आमच्या शाळेत एकच शब्द कानावर पडायचा: गॅदरिंग. पत्रिकेवर आम्ही 'वार्षिक स्नेहसंमेलन' छापायचो, खाली तेच कन्नडमध्येही असायचं, पण गावात त्या नावाने कुणी कधी हाक मारली नाही. "बाई, मला गॅदरिंगात घेणार न्हवं?" एवढं विचारायला पोरं घराच्या पायरीपर्यंत यायची.

सरकारी मराठी शाळा, पहिली ते सातवी. तिथे मी एकोणीस वर्षं काढली आणि जवळजवळ प्रत्येक वर्षी नाच-नाटकं बसवायचं काम माझ्याकडेच असायचं. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावायच्या, वर फळ्या, फळ्यांवर सतरंजी, झालं स्टेज. पडद्याला माझी हिरवी नऊवारी आणि कन्नडच्या बाईंचं जांभळं इरकल, मध्ये टाचण्या. आधी नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, मग मराठी स्वागतगीत, मग पाहुण्यांची वाट बघणं. पाहुणे यायला उशीर हा ठरलेलाच, तोवर पुढच्या रांगेतली लहान पोरं आईच्या शालीत झोपून जायची. पोवाडा रंगला की कुणी तरी उठून दहाची नोट पोराच्या सदऱ्याला टाचायचं आणि माईकवरून देणाऱ्याचं नाव पुकारलं जायचं. लेझीम मराठी, डोळ्ळूचा ढोल-नाच कन्नड, टाळ्या दोन्हीला सारख्याच. इतक्या गॅदरिंगांतलं कुठलं कुठल्या वर्षीचं हे आता सांगता येत नाही. २०१७ चं मात्र मिनिटामिनिटासकट आठवतं.

त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात मला जेवल्यावर पोटात दुखायला लागलं होतं. पित्ताचे खडे असतील म्हणून बेळगावला सोनोग्राफी केली. पित्ताशय साफ निघालं. डाव्या किडनीत गाठ निघाली. लघवीतून रक्त नाही, कुशीत दुखणं नाही, काही म्हणजे काही नाही. पुढे कळलं की किडनीचा कॅन्सर पुष्कळदा असाच, दुसरं काही शोधताना सापडतो. सिटी स्कॅनमध्ये गाठ साडेपाच सेंटिमीटरची दिसली, किडनीच्या बाहेर पसरलेली नव्हती. सर्जननी कागदाच्या पाठीवर किडनी काढून दाखवली. गाठ लहान आणि कडेला असती तर तेवढीच काढून बाकीची वाचवता आली असती, पण ही मधोमध, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून होती. म्हणजे अख्खी किडनी काढायची. मी विचारलं, तुकडा तपासल्याशिवाय कशी काढणार? ते म्हणाले, या आजारात स्कॅनवरूनच बहुतेक वेळा पुरेसं समजतं, काढल्यावर सगळीच तपासणीला जाते. एका किडनीवर माणूस नीट जगतो, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. परतीच्या बसमध्ये मात्र माझ्या मनात एकच घोळत होतं: यंदा तिसरीचा नाच कोण बसवणार?

ऑपरेशन नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. हॉस्पिटलचं बिल चेकने भागणार होतं. पण बाहेरून आणायची औषधं, रिक्षा, सोबतीला राहणाऱ्याचं जेवण, सगळं रोखीत. बँकेतून आठवड्याला चोवीस हजारांच्या वर मिळत नव्हते आणि तेवढे तरी कुठल्या शाखेत शिल्लक होते? ह्यांनी दोन दिवस रांगेत काढले आणि दोन्ही दिवस रिकाम्या हाताने परत आले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या समितीचे, अध्यक्ष आणि आमचे हेडमास्तर घरी आले. अध्यक्षांच्या काखेत बिस्किटाचा पत्र्याचा डबा. तो मी लगेच ओळखला, कारण त्यावरची 'गॅदरिंग वर्गणी' ही चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. वर्गणी दिवाळीआधीच गोळा झालेली, सगळ्या दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा. अकरा हजार तीनशे चाळीस. बँका सुरळीत झाल्या की परत द्या, म्हणाले. मी म्हटलं, डिसेंबरात गॅदरिंग आहे, मंडपवाल्याला काय द्याल? अध्यक्ष शेतकरी माणूस, बोलणं मोजकंच. "गॅदरिंग जानेवारीत करूया की. तुमचं पुढं ढकलाय नको."

त्या डब्यातल्या नोटांना खडूचा वास होता.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखत होता आणि मी घाबरून गेले, की खांद्यात आणखी काय निघालं? पोट फुगवायला जो गॅस भरतात त्याने खांदा दुखतो, दोन-तीन दिवसांत जातं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर तेवढं भ्यायले नसते. दुसऱ्या दिवशी श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन गोळ्या असलेलं प्लास्टिकचं यंत्र हातात दिलं. मी नळी तोंडात धरून जीव खाऊन फुंकत होते. एकही गोळी हलेना. रात्रपाळीची सिस्टर आली, जरा वेळ बघत राहिली.

"बाई, फुंकायचं नाही, ओढायचं. श्वास पोटातून घ्या."

वर बघितलं. ती म्हणाली, "ओळखलात काय? मी झाड."

आमच्या शाळेची मुलगी. एका नाटुकल्यात तिला झाड केलं होतं, वाक्य एकही नाही, वीस मिनिटं हात वर करून उभी. बोलायला लाजायची, म्हणून तालमीच्या आधी मी तिला पोटातून श्वास घ्यायला शिकवायचे. तिने माझ्या पोटाशी उशी धरली, म्हणाली खोकला आला की ही घट्ट दाबा, टाके दुखणार नाहीत. पहिली गोळी वर गेली. दुसरी चौथ्या दिवशी.

तपासणीचा कागद आला. क्लिअर सेल कार्सिनोमा. किडनीच्या चार कॅन्सरांतले तीन या जातीचे असतात. गाठ पूर्ण निघाली होती, आजार पहिल्याच पायरीवर होता. केमो नाही, रेडिएशन नाही. दीड महिना जड उचलायचं नाही, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, रक्तदाब सांभाळायचा, ठरलेल्या वेळी स्कॅन आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करते ते सांगणारी रक्ततपासणी; काम कमी झालं की आकडा वाढतो. ऑपरेशनआधी माझं क्रिएटिनिन ०.८ होतं, नंतर १.३ झालं. तो आकडा बघून ह्यांनी त्या रात्री जेवण टाकलं. सर्जननी समजावलं की उरलेली किडनी हळूहळू मोठी होते आणि दोघींचं काम पुष्कळसं उचलते. वर्षभरात ते १.१ वर आलं.

इथून पुढचंच मला खरं सांगायचं आहे.

केमो नाही म्हटल्यावर लोकांनी ठरवून टाकलं की आजार संपला. केस जागच्या जागी, चेहरा तोच, टाके निघालेले. "सुटलीस बाई, एवढ्यावर निभावलं," असं सगळे प्रेमाने म्हणायचे आणि मी मान हलवायचे. ऑपरेशन होईपर्यंत मी धीराची होते. खरी भीती नंतर आली, घर शांत झाल्यावर. पहाटे तीनला जाग यायची, हात आपसूक डाव्या कुशीवर जायचा. खोकला आला तर छातीत गेलं असेल, पाठ दुखली तर हाडात. कुणाला सांगणार? ज्यांनी केमो सोसली त्यांच्यापुढे आपण काय रडायचं, असंही वाटायचं. ह्यांना सांगावं तर त्यांनी रिपोर्टची फाईल प्लास्टिकमध्ये गुंडाळून देवघरात ठेवलेली, रोज दिवा लावताना तिलाही हात जोडायचे. त्यांची भीती मला दिसत होती. तिच्यावर माझी कुठे घालू?

जानेवारी २०१७ चं गॅदरिंग ऑपरेशननंतर सात आठवड्यांनी झालं. मला वाटलं होतं, खुर्ची देऊन पहिल्या रांगेत बसवतील. हेडमास्तरांनी कामाची यादी वाचली: रंगभूषा, बाई. माझं नाव खोडलं नव्हतं. चौथीच्या वर्गात पाठीला उशी लावून खुर्ची ठेवली होती, समोर काजळ, पावडर, कुंकू, आणि पोरं एकेक करून माझ्यासमोर येत होती, मला उठायला लागू नये म्हणून. पाण्याची कळशी, पेट्या, काही उचलायची वेळ आली की पालक बायका न बोलता पुढे व्हायच्या.

शिवाजी महाराजांचं काम करणारा चौथीतला मुलगा समोर बसला. मी त्याला मिशी काढत होते. अर्धी झाली तेव्हा त्याने विचारलं, "बाई, तुम्ही मरणार होता काय?"

मागे कुणी तरी त्याला गप्प केलं. मी काडी काजळात बुडवली.

"माहीत नव्हतं रे. भ्या वाटलं मला. अजून वाटतं."

त्याने जरा विचार केला. "मला पण भ्या वाटूलंय. भाषण इसरलं तर."

"ओठ हलवू नको," मी म्हटलं आणि उरलेली मिशी काढली. कॅन्सर झाल्यापासून 'अजून भीती वाटते' हे मी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं होतं, ते त्या वर्गात, नऊ वर्षांच्या पोरासमोर. त्याचं भाषण मधेच अडलं, मी पडद्याआडून पुढचा शब्द दिला, त्याने तो घेतला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्या वर्षी तालमीत एका मुलीचं पाऊल चुकलं आणि मी तिच्यावर अशी ओरडले की अख्खा वर्ग थिजला. त्या मुलीचा चेहरा मला आजही टोचतो. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. नंतरच्या तपासणीत हे सगळं सर्जनना सांगितलं: झोप नाही, चिडचिड, स्कॅन जवळ आला की घास उतरत नाही. त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. पुष्कळांना होतं, म्हणाले, आणि समुपदेशकाकडे पाठवलं. मी चार वेळा गेले. मनाच्या डॉक्टरकडे जायला मास्तरणीने लाजायचं कारण नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे अजून लाजतात. त्यांनी मला भीतीला तारीख द्यायला शिकवलं. स्कॅनच्या आठवड्यात ती येणार, येऊ दे. जूनमध्ये तिला रोज जेवायला वाढायचं नाही.

गॅदरिंग एकदा जानेवारीत गेलं ते तिथेच राहिलं, आणि वर्षाचा मोठा स्कॅनही त्याच सुमारास येऊ लागला. गॅदरिंग शनिवारी, स्कॅन आधीच्या मंगळवारी. सोबतीला कन्नडच्या बाई. त्या बैलहोंगलकडच्या, मला अक्का म्हणतात. पहिल्या वेळी मीच नको म्हटलं होतं, त्या ऐकल्या नाहीत. एकच किडनी म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात, मग शिरेतून औषध सोडतात, अंगभर ऊन पाणी ओतल्यासारखं वाटतं, घशात धातूची चव येते. मशीन सांगतं, श्वास धरा. मी पोटातून धरते. बाहेर आले की पुढचे काही तास रिपोर्टची वाट.

दुसऱ्या वर्षी त्या बाकावर मी त्यांना म्हटलं, "आणि काही निघालं तर?" मला वाटलं, आता म्हणतील काही निघत नाही, देव आहे. त्यांनी पिशवीतून कार्यक्रमाची यादी काढली.

"निघालं तर परत येऊ अक्का, दोघी. आता सांगा, पोवाडा आधी लावायचा का तिसरीचा नाच?"

मी पोवाडा आधी म्हटलं. त्या नाही म्हणाल्या. रिपोर्ट हातात येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं.

२०२१ मध्ये कोरोनामुळे शाळाच बंद, गॅदरिंग नाही. स्कॅन मात्र होता. सोबत एकालाच परवानगी, म्हणून हे आले. यादी नव्हती, वाद घालायला कुणी नव्हतं. ते तीन तास मला सगळ्यांत लांब वाटले. त्या वर्षी हिरवी नऊवारी पेटीतून निघालीच नाही. पुढच्या वर्षी पाच वर्षं झाली. हा आजार कधी कधी बऱ्याच वर्षांनीही डोकं वर काढतो, म्हणून तपासणी सोडायची नाही, असं सर्जननी बजावलं. मी त्याच वर्षी निवृत्त झाले.

रंगभूषा अजून माझ्याकडेच आहे. कन्नडच्या बाईंची बदली दुसऱ्या गावी झाली, तरी परवा त्यांचा फोन आला. हिरवी नऊवारी आता मधोमध विरली आहे, यंदा अस्तर लावून देईन म्हटलं. मग मंगळवारचं ठरवलं. सव्वासातची गाडी. त्या पुढच्या थांब्यावर चढणार, मी खिडकीकडची जागा धरून ठेवायची.