माझी पाळी आली की सांगा

दुपारी सव्वातीनला काकांनी फासा मुठीत धरला आणि पावणेसहापर्यंत तो जवळजवळ मुठीतच राहिला. पासष्टीचे गृहस्थ, असा खेळ पहिल्यांदाच खेळत होते. "माझी पाळी आली की सांगा," असं मधूनमधून म्हणत. पाळी येत होती, पण त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर करण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

आम्ही चौघं पुण्यात मराठीतून खेळायचा एक टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम तयार करतोय, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फाशांच्या जोरावर गोष्ट पुढे न्यायची. पाया डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच जुन्या अमेरिकन खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा. तिचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (श्रेय देऊन कोणीही वापरावेत असे) खुले झाले, म्हणून आमच्यासारख्यांना हे जमतंय. वंशांचे नियम माझ्याकडे आहेत. माणूस, बुटके, पाषाणी आणि पंखी असे चार वंश. कोणीही कुठलाही वंश घेतला तरी खेळ संपताना 'दुसरा घ्यायला हवा होता' असं त्याला वाटू नये, हे माझं काम. त्यासाठी मी तीन महिने खपून एक तक्ता केला होता.

खेळात काही करायचं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा; ठरलेला आकडा किंवा त्याहून जास्त पडला की जमलं. त्या फाशावर 'अधिक एक' म्हणजे पाच टक्के, हे माझं माप. बुटक्यांचं नशीब, म्हणजे एक पडला तर फासा पुन्हा टाकायचा, सरासरीला १०.५ वरून फक्त १०.९७५ वर नेतं. त्याला अर्धा गुण. पाषाणी काही ढकलताना, ओढताना, पेलताना दोन फासे टाकतात आणि मोठा आकडा घेतात. अकरा लागत असतील तर त्यांची शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते, त्यामुळे त्यांना भरपूर गुण पडले. पंखींचं उडणं मी वेग म्हणून मोजलं: एका पाळीत चालताना ३० फूट, उडताना ५०. पाषाण्यांची बेरीज इतरांपुढे जात होती, म्हणून त्यांच्या बुद्धीतून दोन वजा केले. चौघांची बेरीज सारखी आली आणि मला फार बरं वाटलं.

त्या शनिवारी तो तक्ता पहिल्यांदा टेबलावर आला. मोहीम साधी होती. घाटातली खिंड, पलीकडे अडकलेला तांडा, वाटेत लांडगे, मग ४० फूट रुंद दरी आणि तिच्यावरचा तुटलेला पूल. पंखी घेतली होती कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने. लांडगे दिसताच ती वर गेली आणि धनुष्याने एकेक टिपत सुटली. लांडगा वर पाहण्यापलीकडे काय करणार? दरीपाशी माणूस घेतलेला खेळाडू म्हणाला, "थांबा, पलीकडे दोर कसा न्यायचा ते बघू." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती पलीकडे पोचली होती, आणि तांडेवाल्यांनी तिच्या दोराचं टोक झाडाला बांधलंही होतं.

आमचा जो मित्र खेळ चालवत होता, त्याला मी एकच गोष्ट टिपायला सांगितली होती: अडचण कोणाच्या हातून सुटली, त्याच्या नावापुढे रेघ. पहिल्या फेरीअखेर पंखीच्या नऊ, बुटकीच्या तीन, माणसाच्या दोन. पाषाणी घेतलेल्या काकांच्या नावापुढे कागद कोरा.

चहाला उठल्यावर मी त्या रेघांकडेच बघत राहिले. बुटकीच्या नशिबाला मी अर्धा गुण दिला होता. एक पडला फक्त दोनदा, पण दोन्ही वेळा सगळं टेबल ओरडलं होतं. उडण्याने मात्र फाशावरची शक्यता वाढवली नव्हती, प्रश्नच काढून घेतले होते. दरी हा चौघांपुढचा प्रश्न होता आणि तो चौघांनी विचार करण्याआधी संपला. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

एक जण म्हणाला, उडणं काढून टाक. ती मुलगी लगेच म्हणाली, "ताई, मग मी माणूसच घेते की. उडायचं म्हणून तर पंखी घेतली." तिचं बरोबर होतं.

काका आपल्या पात्राची शीट, म्हणजे त्याच्या गुणांचा कागद, वाचत होते. "बुद्धीला वजा दोन कशासाठी गं? हा जन्मतःच मंद आहे का?"

मी सांगायला लागले की पाषाण्यांची ताकद जास्त आहे, ती कुठेतरी फेडायला हवी. बोलताबोलताच ते कानाला खुपलं. जन्मावरून कोणाची बुद्धी ठरवणारा नियम मराठीत लिहिताना माझा हात अडायला हवा होता, आणि मी तो गणित जुळवण्यासाठी लिहिला होता. मूळ खेळही याच वाटेने गेलेला आहे. १९७८ च्या नियमांत ड्वार्फ (खुज्या वंशाच्या) योद्ध्याची ताकद १८, म्हणजे भरपूर, असली तरी अनुभवाने चढायच्या पातळ्यांत तो नवव्या पातळीपुढे जात नसे. सुरुवातीला जास्त द्यायचं आणि पुढे अडवायचं, असा तो समतोल. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती अडवणूक गेली. २०२४ च्या नियमांत तर वंशाला मिळणारे ताकद-बुद्धीचे वाढीव गुण पार्श्वभूमीकडे, म्हणजे पात्र आधी काय करत होतं त्याकडे, गेले आणि 'रेस' हा शब्दही बदलला. पुढे कधीतरी फिटणारा हिशेब शनिवारी दुपारी टेबलाशी बसलेल्या माणसाच्या काय कामाचा? मी काकांसमोरच वजा दोन खोडले.

मग पंखींचे दोन नियम बदलले. पंख म्हणजेच हात, म्हणून उडताना धनुष्य चालवता येत नाही. आणि पाळी संपायच्या आत कुठेतरी टेकलंच पाहिजे. पायात दोर धरून न्यायला मुभा ठेवली. दरीच्या दोन्ही काठांवरची झाडंही काढली.

सातला तीच मोहीम पुन्हा. आता लांडग्यांशी सगळ्यांना भिडावं लागलं. मुलगी दोराचं टोक घेऊन पलीकडे गेली, तिथल्या कड्यात तांडेवाल्यांनी ते पहारीला अडकवलं, पण अलीकडे बांधायला काहीच नव्हतं. सगळे काकांकडे वळले. "मी धरतो," ते म्हणाले. दोरावर दोघं लटकलेले, पंधरा किंवा जास्त हवेत. एका फाशाने ३० टक्के, पाषाण्याच्या दोन फाशांनी ५१. पहिला पडला सहा. दुसरा त्यांनी बराच वेळ मुठीत घोळवला. सतरा! काका खुर्चीतून उठलेच.

या वेळच्या रेघा पाच, तीन, चार, चार. निघताना काकांनी पुढच्या शनिवारची वेळ विचारली.

पुढची मोहीम गुहेत आहे, छत सात फुटांवर. तिथे पंखीने करायचं काय, हे मला अजून सुचलेलं नाही, आणि त्या मुलीने आतापासूनच विचारायला सुरुवात केली आहे.